कारखान्याआधी आलेला भोंगा

रविवारी सकाळी नागपूरच्या महाल भागात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर आम्ही जुने ऑफिसवाले जमतो. सगळे रिटायर्ड. पोहे येईपर्यंत बीपी, शुगर आणि जावई हे विषय संपतात. मग कोणीतरी हळूच म्हणतो, "अन् तो चिचटोलीचा भोंगा आठवते का?" झालं! तर्री गार होते, ठेलेवाला रागावतो, पण आम्ही काही उठत नाही.

किस्से जमायला आमच्यासारखं ऑफिस पाहिजे. खेड्यात कारखाने यावेत, खेड्यातल्या पोरांना खेड्यातच काम मिळावं, यासाठी सरकारनं आमचं ऑफिस उघडलं होतं. नाव एवढं लांब होतं की पाटीवर दोन ओळींत बसायचं नाही. लोक सरळ 'कारखानेवाले' म्हणायचे. कारखाने यायला वेळ लागायचा आणि किस्से लगेच तयार व्हायचे, त्यामुळे शिल्लक काय राहिलं ते तुम्हीच बघा.

मी तिथे इन्स्पेक्टर होतो. देशकर साहेब आमचे प्रमुख. मूळचे पुण्याचे, अत्यंत सरळ माणूस, भाषा अशी शुद्ध की जीपचा ड्रायव्हर रहमानभाई त्यांच्याशी बोलायच्या आधी घसा साफ करायचा. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आणि आम्हाला सगळ्यांनाच, खरं सांगतो, वाटायचं की दोन-चार वर्षांत उमरेडच्या बाजूला धुराडीच धुराडी दिसतील.

*

चिचटोलीला पहिली सभा झाली. शाळेपुढच्या चिंचेखाली सगळा गाव बसलेला. साहेब तासभर बोलले. सवलतीच्या दरात जागा, वीज, पाणी, कर्ज, अनुदान. शेवटी त्यांनी विचारलं, "आपल्यापैकी कोणाच्या मनात उद्योजक होण्याची आकांक्षा आहे?"

कोणी हूं की चूं केलं नाही. एका म्हातारीनं पदर सावरला, तेवढाच काय तो प्रतिसाद.

मग मागून एक जण उठला. उंच, किडकिडीत, पांढरं धोतर, खांद्यावर स्वतःच्याच मागावर विणलेला पंचा. हे नत्थूजी. घरात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग. पण सूत मिळेनासं झालं, गिऱ्हाईक गिरणीच्या कपड्याकडे गेलं आणि माग थांबला. मनोहर नावाचा एकुलता एक मुलगा इचलकरंजीला पॉवरलूमवर कामाला गेला. चिचटोलीतली निम्मी पोरं अशीच, कोणी इचलकरंजीला, कोणी भिलाईला.

नत्थूजींनी हात जोडून विचारलं, "साहेब, बाकी समजलं. भोंगा वाजंन का?"

"म्हणजे?"

"मी लहानपणी नागपुरात मामाकडे राहत होतो जी. गिरणीच्या बाजूले. भोंगा वाजला का मानसं कामावर जायची अन् भोंगा वाजला का घरी यायची. ज्या गावात भोंगा वाजते, त्या गावातला पोट्टा रोज संध्याकाळी घरी येते. म्हून इचारलं."

साहेबांनी पुढ्यातली फाईल मिटली. मग म्हणाले, "अवश्य वाजेल."

परत येताना जीपमध्ये रहमानभाई म्हणाला, "साब, बाकी सब ठीक है, लेकिन ये आपने बोल दिया."

*

बोलल्याप्रमाणे औद्योगिक वसाहत झाली मात्र. तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत डांबरी रस्ते, दिव्याचे खांब, पाण्याची टाकी, आखलेले प्लॉट. एकच शेड बांधून तयार. कारखाना तेवढा यायचा बाकी होता.

आता त्या भागात मिरची मोठी. आणि गावात दुसरं काही डांबरी नव्हतं. बायांनी एवढा गुळगुळीत, काळाभोर, उन्हानं तापणारा रस्ता पाहिला आणि मोसम येताच सगळ्या वसाहतीत मिरच्या वाळत घातल्या. फाटकापासून टाकीपर्यंत लालच लाल. वाटपाचा घोळ नको म्हणून कोणी कुठे वाळवायचं तेही ठरवलं, आणि ठरवलं ते आमच्याच प्लॉट नंबरांनी. "माही मिरची सात नंबरात हाये वं," असं बाया एकमेकींना सांगायच्या. प्लॉटवाटप इतकं बिनतक्रार आमच्या हातून कधी झालं नाही.

अशात नागपूरचे एक शेठ जागा बघायला आले. बादल्या बनवायचा कारखाना काढणार होते. अँबॅसिडर फाटकातून आत शिरली, काचा उघड्या, वारा समोरून. शेठ उतरले ते शिंकतच. साहेब त्यांना वाहतुकीची सोय समजावत होते आणि शेठ डोळे पुसत होते. साहेबांना वाटलं, माणूस भारावला.

शेठ गेल्यावर साहेब बायांवर चिडले. त्यांचं चिडणंही व्याकरणशुद्ध. "भगिनींनो, ही जागा कारखान्यांसाठी आहे!"

नत्थूजींच्या बायको, गिरजाबाई, मिरच्या परतवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग आना ना जी कारखाना. आमी लगेच उचलतो."

*

भोंगा कसा आला, तर मार्चअखेर आली म्हणून आला. कारखान्यासाठी ठेवलेला पैसा परत जाणार असं दिसताच ऑफिसात पळापळ झाली. यंत्रं घेता येत नव्हती, कारण ती घेणारा कारखानदार नव्हता. वसाहतीच्या सामायिक सोयींपैकी घेण्यासारखं एकच काही उरलं होतं. साहेबांनी दिलेला शब्द आणि खात्याचा नियम आयुष्यात पहिल्यांदा एकाच बाजूला आले, आणि भोंगा मंजूर झाला.

मिळाला तो लढाईच्या वेळचा, विमानहल्ल्याचा इशारा द्यायचा, हँडल मारून फिरवायचा. रहमानभाईनं जीपमधून आणला, टाकीजवळच्या ओट्यावर बसवला. आता भोंगा म्हटलं की तो सांभाळायला माणूस हवा. नत्थूजी चौकीदार झाले. त्या वर्षीच्या अहवालात चिचटोलीपुढे आम्ही लिहिलं, 'निर्माण झालेला रोजगार: एक.'

साहेब म्हणाले, "यंत्र वापरात नसलं तर गंजतं. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला वाजवत जा."

पहिल्या सकाळी नत्थूजींनी अंघोळ करून, भोंग्याला हळदकुंकू लावून, हँडल फिरवलं. तो आवाज काय विचारता! नुकतीच लढाई होऊन गेलेली. शाळेतल्या मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे सगळी पोरं कानात बोटं घालून बाकांखाली पालथी पडली, आणि मास्तर टेबलाखाली. गावचे पाटील अंगणात पालथे पडले. गिरजाबाईंनी धावत येऊन नवऱ्याला विचारलं, "काहून जी, काय झालं?"

नत्थूजी घामेजले होते, पण चेहरा असा की लग्नातही तसा नसेल. "काही नाही वं," ते म्हणाले, "कारखाना सुरू झाला."

*

गावाला त्या भोंग्याची सवय लागली ती फार लवकर. बाया भोंग्याआधी चूल पेटवायच्या. गुराखी भोंग्याला गुरं सोडायचा. भोंगा झाल्यावर शाळेत येणाऱ्या पोराला छडी बसायची, आणि एकदा मास्तरच उशिरा आले तर पोरांनी त्यांना नुसतं टाकीकडे बोट करून दाखवलं. एस.टी.चा ड्रायव्हर आपलं घड्याळ चिचटोलीला लावून घ्यायचा. कारखाना नसलेल्या गावात शिफ्ट मात्र चोख चालू होती.

मी इन्स्पेक्शनला गेलो की सकाळी मुद्दाम फाटकाशी उभा राहायचो. नत्थूजी आधी फाटक उघडायचे, दोन्ही पल्ले पूर्ण. मग भोंगा द्यायचे. मग परत फाटकाशी येऊन रस्त्याकडे बघत उभे राहायचे. गावातून कोणी यायचं नाही. एखादी बकरी आत शिरायची, तिला ते हाकलायचे नाहीत. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून विचारायचे, "औंदा येते का जी, कारखाना?"

"येते नत्थूजी. वरून हालचाल चालू आहे."

हे मी खोटं सांगत नव्हतो. हालचाल खरंच चालू असायची. पण त्या रिकाम्या रस्त्याकडे बघताना मलाही वाटायचं, एकदा तरी या माणसाच्या भोंग्याला चार जण डबे घेऊन यावेत. कोणाचीही पोरं असोत. ते बघायला मिळालं तर आपली नोकरी सार्थकी लागली. ऑफिसात हे कोणाजवळ बोलायची सोय नव्हती. पुढे कळलं, साहेबही अधूनमधून काही काम नसताना सकाळीच चिचटोलीला जाऊन यायचे.

*

मनोहरचा किस्सा मात्र ठेल्यावर सांगताना आम्ही जरा हळू आवाजात सांगतो.

गावातला एक जण इचलकरंजीला परत जात होता. त्याच्याबरोबर नत्थूजींनी निरोप पाठवला, "मनोहरले सांगजो, आपल्या गावात भोंगा वाजून राह्यला." बस, एवढाच. यात चूक काहीच नव्हतं. रोज दोनदा वाजत होता.

निरोप ऐकून मनोहरनं पॉवरलूमची नोकरी सोडली. ट्रंक, वळकटी, बरोबरच्यांना मिठाई, सगळं आटोपून चिचटोलीला आला. रात्रभर बापलेक बोलले असतील-नसतील, मला माहीत नाही. सकाळी मी योगायोगानं तिथेच होतो. आठचा भोंगा झाला आणि गावाकडून एक तरुण पोरगा आला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात डबा. नत्थूजी फाटकाशी ताठ उभे.

मनोहर आत गेला. शेडला फेरी मारली. टाकी पाहिली, खांब पाहिले, आमच्या प्लॉटांच्या पाट्या एकेक वाचल्या. नंतर बापापाशी येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा भडकणार. भडकला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "बाबा, बाकी सगळं बराबर हाये. नुसता कारखानाच नाही."

"येऊन राह्यला ना गा तो," नत्थूजी म्हणाले. "साहेब म्हनते, हालचाल चालू हाये. तू थांबत असशीन तर..."

मनोहर काही दिवस थांबला. रोज आठला आला, फाटकाशी बापाबरोबर उभा राहिला आणि पाचला घरी गेला. मग परत इचलकरंजीला निघाला. जाताना एस.टी.त चढला आणि नेमका पाचचा भोंगा झाला. रहमानभाई तिथेच जीपचं बोनट उघडून उभा होता. तो सांगतो, पोरानं खिडकीतून हात बाहेर काढला, पण हलवला नाही.

*

बादलीवाले शेठ परत आले. मिरचीचा मोसम नव्हता. शेड त्यांना मिळाली, अनुदान मंजूर झालं, उद्घाटन झालं. आमच्या ऑफिसात फीत कापायची कात्री वेगळी ठेवलेली होती आणि तिचा वापर होत नसल्यानं तिला धार भरपूर होती. शेठनी नारळ फोडला. पाणी उडालं ते साहेबांच्या सफारीवर, आणि साहेब हसले. साहेबांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

नत्थूजींनी शेठला विचारलं, "किती पोट्टे लागतीन जी?"

"पन्नास तर सुरुवातीलाच," शेठ म्हणाले.

गिरजाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आता तरी धाडा निरोप."

नत्थूजींनी मान हलवली. "मशीनचा आवाज येऊ दे वं पहिले. माह्या भोंग्यावर आता तो येनार नाही."

मशीन आलं. शेडमध्ये उभं राहिलं. चाचणीपुरत्या काही बादल्या निघाल्या, निळ्या रंगाच्या. त्यातली एक शेठनी नत्थूजींना भेट दिली. त्यानंतर शेठना कामठी रोडला याहून सोयीची जागा मिळाली आणि शेडला कुलूप लागलं. मशीन आत, शेठ नागपुरात. बादलीत गिरजाबाईंनी कढीलिंब लावला. तो चांगला फोफावला, हे सांगितलं पाहिजे. आमच्या योजनेत वाढलेलं तेवढंच.

*

आता शेवटचा. हा सांगायला तेव्हा तिथे असलेले सगळे हजर लागतात, कारण प्रत्येकाकडे त्याचा एकेक तुकडा आहे. पण आज मीच सांगतो.

दिवाळी झाली होती. बाहेरगावी गेलेली पोरं घरी आलेली, मनोहरही. आणि वरून फोन आला की मंत्रीसाहेब दौऱ्यावर आहेत, चिचटोलीची वसाहत बघणार आहेत आणि वसाहत चालू दिसली पाहिजे.

साहेब दोन दिवस नियमांची पुस्तकं चाळत बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "आपण याला प्रात्यक्षिक म्हणू." शेठकडून शेडची किल्ली आणली, मशीनवाला मेकॅनिक आणला, रहमानभाईनं कुठून तरी खाकी शर्ट जमवले. कामगार म्हणून गावातलीच, सुट्टीवर आलेली पोरं उभी करायची. एका दिवसाचं काम. पोरं हसत तयार झाली. त्यांना गंमत वाटली. त्याच संध्याकाळी बहुतेकांची परतीची तयारी होती. पाचनंतर नागपूरची शेवटची एस.टी., तिथून पुढे रेल्वे.

मी पहाटेच पोचलो होतो. पोरांच्या जेवणाची सोय ऑफिसनं केली होती, तसं सांगूनही गिरजाबाईंनी मनोहरचा डबा भरला. भाकरी, वांग्याची भाजी, वर मिरचीचा ठेचा. म्हणाल्या, "कामावर जानारा मानूस खाली हातानं कसा जाईन जी?"

आठला नत्थूजींनी फाटक उघडलं, दोन्ही पल्ले. मग भोंगा दिला. मी तो किती वेळा ऐकला असेन, पण त्या दिवशीचा वेगळा होता. लांब, एकसारखा, संपूच नये असा. आणि गावाकडून पोरं निघाली. खाकी शर्ट घातलेली, थट्टामस्करी करत, रस्ताभर पसरलेली. फाटकाजवळ आल्यावर का कोण जाणे, त्यांची मस्करी बंद झाली आणि ती ओळीनं आत गेली. मनोहर शेवटी होता.

"डबा घेतला का गा?" नत्थूजींनी विचारलं. डबा त्याच्या हातातच दिसत होता.

"घेतला बाबा."

नत्थूजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मी तोंड फिरवून प्लॉटची पाटी वाचू लागलो.

मंत्रीसाहेब दुपारी आले. मशीन धडधडत होतं, निळ्या बादल्या निघत होत्या. साहेब माहिती देत होते आणि त्यांचा आवाज फार खाली गेला होता. मंत्रीसाहेब मनोहरपाशी थांबले.

"कुठले तुम्ही?"

"इथलाच जी."

"काम कसं आहे?"

मनोहरनं थोडा विचार केला. "घराजवळ हाये जी," तो म्हणाला.

मंत्रीसाहेब एवढे खूश झाले की हेच वाक्य त्यांनी पुढच्या दोन गावांच्या भाषणात वापरलं. चहा घेऊन ते गेले. गाड्यांची धूळ बसली. मेकॅनिकनं मशीन बंद केलं. साहेब शेडच्या पायरीवर बसले, टाय सैल केला आणि म्हणाले, "पाच होऊ द्या. भोंगा झाला की पोरं मोकळी."

पाच झाले. भोंगा नाही. साहेबांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं, रहमानभाईला वेळ विचारली. पोरांची चुळबुळ सुरू झाली. रस्त्यावर एस.टी. येऊन उभी राहिली. ड्रायव्हर हॉर्न देऊ लागला, कारण त्यालाही घड्याळ लावायचं होतं. शेवटी एकेका पोरानं खाकी शर्ट काढून रहमानभाईच्या हातात दिला आणि ट्रंका उचलायला गावाकडे धावला.

मी टाकीपाशी गेलो. नत्थूजी ओट्यावर बसले होते, एक हात हँडलवर.

"नत्थूजी, पाच वाजून गेले."

"मालूम हाये जी."

"मग भोंगा द्या ना. एस.टी. उभी आहे."

ते माझ्या खांद्यावरून मागे बघत होते. मी वळून शेडकडे पाहिलं. सगळी पोरं गेली होती. बंद मशीनपाशी एकटा मनोहर उभा होता, अंगात खाकी शर्ट, हातात रिकामा डबा, नजर टाकीकडे.

"मनोहरची गाडी चुकेल हो," मी म्हणालो.

नत्थूजींनी हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"ड्युटीवर हाये जी तो," ते म्हणाले. "भोंगा झाल्याबिगर कसा जाईन?"